घोळीची गोळी

हृदयाचं ऑपरेशन झालेल्या माणसाला घरी सोडताना मिरजेत आता घोळ देतात. घोळ घालत नाहीत हं, देतात! मंडईत जुडीने मिळते ना, तीच आंबूस भाजी. फक्त हिची रोपं प्रयोगशाळेत घडवलेली, आणि त्यांच्या तेलाची हिरवी गोळी म्हणजे ‘समठोका’.

झडप बदलल्यावर शर्वाणीच्या आईचे ठोके पार बिघडले होते. समठोक्याने ते कसे शिस्तीत आले! शर्वाणी तर हवेतच. शिवाय तिच्या दोरीच्या मल्लखांबाच्या सरावाला आई चक्क डोळे उघडे ठेवून बसू लागली. एरवी लेक दोरीवर चढली, की हिचा पदर तोंडावर.

मग मंगळवारी शर्वाणीची पकड सुटली. धाडकन गादीवर! मैत्रिणी किंचाळल्या. आईच्या मनगटपट्टीवरचा ठोक्यांचा आकडा मात्र बहात्तरवरून हलला नाही.

"लागलं का गं?" तिने बाकावरूनच विचारलं. चहा हवा का विचारावं, तसं.

शर्वाणीने आईच्या डॉक्टर झेंडेबाईंना गाठलं.

"ऑपरेशननंतर हृदयातल्या काही पेशी मध्येच बडबडतात," बाई म्हणाल्या. "समठोका त्यांना गप्प करतो. मग हृदय फक्त आपल्या वर्गाच्या मॉनिटरचं, म्हणजे ठोका ठरवणाऱ्या मूळ पेशींचं ऐकतं."

"आणि घाबरल्यावर?"

"भीतीचा निरोपही मध्येच येतो ना? तोही अडतो. छाती धडधडली नाही, की मेंदूला वाटतं काही झालंच नाही."

"मग गोळी थोडी कमी करा ना!"

"ठोके पुन्हा बिघडतील, बाळा. रक्ताची गुठळी मेंदूत गेली तर..."

घरी आई भाकरी थापत होती. "तू पडलीस तेव्हा उठायला हवं, हे कळत होतं गं. पण आत काही हललंच नाही." तिने भाकरी तव्यावर टाकली. "सोडू का गोळी?"

शर्वाणीने गोळी आणि पाण्याचं भांडं तिच्यापुढे धरलं. "गप घे. नाहीतर ओरडेन हं."

"अगदी माझ्यासारखी बोलतेस," आई हसली आणि तिने गोळी गिळली.

दुसऱ्या दिवशी शर्वाणी दोरीच्या पार वर पोचली. आता दोरीला पायांची अढी घालून, हात सोडून उलटं लटकायचं. शंभरदा केलेलं. तिने खाली पाहिलं. आई टक लावून, कौतुकाने बघत होती. पदर खांद्यावर.

शर्वाणीच्या काळजाचा ठोका चुकला. दोरी एवढी उंच कधीपासून होती?

"थांबलीस काय?" आई खालून हसत ओरडली. "सोड की हात!"