मिठावरची हाक

ही गोष्ट खरी आहे. पटली नाही तर सोडून द्या, पण रचलेली म्हणू नका. माझ्या सख्ख्या मावशीच्या बाबतीत घडलेली आहे, आणि त्या दिवशी जीपमध्ये असलेली माणसं अजून हयात आहेत.

भुताला अंधार लागतो म्हणतात. उयुनीच्या मिठावर, म्हणजे मैलोन्मैल पसरलेल्या मिठाच्या मैदानावर, अंधार सोडा, सावलीसुद्धा मिळत नाही. झाड नाही, भिंत नाही, दगड नाही. जे झालं ते भर दुपारी झालं. नोव्हेंबरची दोन तारीख. वर ऊन, खाली पांढरंफेक मीठ...

लपायला कुठेच जागा नव्हती.

ना माणसाला, ना त्याला.

माझी मावशी बासिलिया पर्यटकांच्या जीपवर स्वयंपाक करते. जीप चालवतो तिचा धाकटा दीर, हिलारिओन. तो बोलबोल बोलतो आणि ती माणसं तोलते. कोण कसा आहे हे तिला ताटावरून कळतं. दुसऱ्यांदा वाढून घेण्याआधी जो शेजाऱ्याच्या ताटात डोकावतो, त्याला ती तळाचं मांस देत नाही. वरचं पाणी देते आणि गोड हसते.

तिचा एकुलता एक मुलगा रेमीही जीपच चालवायचा. तीन वर्षांपूर्वी पावसाळ्यात मिठावर पाणी चढलं होतं, आणि कोणाची तरी बंद पडलेली गाडी ओढून आणायला तो एकटाच निघाला. दुसऱ्या दिवशी त्याची जीप सापडली. इंजिनात खारं पाणी गेलेलं, दार सताड उघडं, आणि सीटवर त्याची कानटोपी. मावशीनेच विणलेली.

रेमी नव्हता.

मीठ वाळलं तरी सापडला नाही.

आमच्याकडे एक रीत आहे. लहान मूल कुठे दचकलं, पडलं, की त्याचा जीव त्या जागीच राहून जातो. मूल मग खात नाही, झोपत नाही. अशा वेळी आईने त्याचा कपडा घेऊन त्या जागी जायचं, कपडा हलवायचा आणि नाव घेऊन हाक मारायची, "हामुय." म्हणजे ये. ये, चल घरी. जीव कपड्याला धरून मागोमाग येतो.

तीन वर्षं प्रत्येक फेरीत मावशी हेच करत होती. प्रवासी फोटोत गुंतले की ही जीपच्या मागे जायची, कानटोपी हलवायची. "रेमी, हामुय. चल घरी."

हिलारिओनने एकदा तोंड उघडलं होतं. "वहिनी, ती हाक जित्या पोराची आहे. मेलेल्याला अशी हाक मारली तर तो ना इकडचा राहतो, ना तिकडचा."

"मग मी बरोबरच करतेय," मावशी म्हणाली. "तो मेलाय असं सांगितलं कोणी तुम्हाला?"



नोव्हेंबरच्या एक तारखेला दुपारी बाराला आमचे मेलेले घरी येतात. त्यांच्यासाठी मेज मांडतात. आवडीचं जेवण, पाणी, आणि त्यांच्या नावाने भाजलेलं पावाचं बाळ. दुसऱ्या दिवशी दुपारी बाराला त्यांना निरोप द्यायचा. असं तीन वर्षं. तिसऱ्या वर्षीचा निरोप शेवटचा. ज्याच्यासाठी कोणीच मेज मांडत नाही, तो उपाशीच भटकतो म्हणतात.

रेमीचं ते तिसरं वर्ष. मावशीने एकदाही मेज मांडलं नव्हतं. मांडलं असतं तर तो गेला हे कबूल केल्यासारखं झालं असतं.

म्हणून त्या दिवसांत मावशीचं कोल्चानी गाव पावाच्या वासाने भरलं, की ही सफरीवर निघून जायची. त्याही वर्षी गेली. तुपिसा गावाहून निघायचं, तळी, डोंगर करत चौथ्या दिवशी मिठावर उतरायचं. जीपमध्ये खालच्या गरम सांताक्रूसचं एक नवं जोडपं होतं, थंडीने कुडकुडणारं. दोन वयस्क जर्मन बहिणी होत्या, त्यांना आमच्या घरच्या भाषेचं अक्षर कळत नव्हतं. आणि गास्पार नावाचा एक चिलीचा फोटोवाला.

चिलीने जुन्या लढाईत आमच्या देशाचा समुद्रकिनारा घेतलेला. हिलारिओनला तेवढं पुरलं. "या साहेब. आमचा समुद्र तर तुम्ही आधीच नेलात. मीठ मोजून ठेवलंय हं."

"मीठ नको," गास्पार म्हणाला. "तुमच्या वहिनीच्या हातच्या सूपात भरपूर आहे."

मावशीने त्याला तळाचं मांस वाढलं. त्यावरून समजा.

एक तारखेला दुपारी जीप लाल तळ्याकाठी थांबली. वारा इतका, की फ्लेमिंगोसुद्धा माना पंखात घालून उभे. मावशी मागचं दार उघडून किन्वाच्या दाण्यांचं सूप ढवळत होती.

आणि...

ठण... ठण.

गॅसच्या सिलिंडरवर कोणीतरी पाना वाजवला.

मावशीचा हात थांबला. भूक लागली की रेमी असंच करायचा. तोंडाने मागणार नाही. पाठीमागून येऊन सिलिंडरवर पाना वाजवणार.

तिने वळून पाहिलं.

कोणीच नव्हतं.

पाने हिलारिओनच्या पेटीत होते, आणि पेटीवर हिलारिओन स्वतः बसला होता. त्याने डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली होती. त्यालाही ऐकू आलं होतं.

"वारा आहे," मावशी म्हणाली.

"हो वहिनी," तो म्हणाला. "वाराच."

जेवण झालं. मावशीने भांड्यांसाठी पाण्याचा कॅन उचलला... तो हलका लागला. सकाळी काठोकाठ भरलेला, बूच तसंच घट्ट. पाणी मात्र तळाला गेलेलं.

कॅनवर पंजाचा ठसा होता. पांढरा.

तिने बोट लावून चाटून पाहिलं.

मीठ.

मिठापासून जीप अजून दिवसभराच्या वाटेवर होती.

तिने कॅन परत जीपमध्ये ठेवला. ठसा पुसला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी जीप मिठावर उतरली. तिथे सगळे एकच खेळ खेळतात. मिठावर जवळचं-दूरचं कळत नाही. एकाने जवळ उभं राहून तळहात पुढे करायचा, दुसऱ्याने मागे खूप लांब जायचं. फोटोत लांबचा माणूस तळहातावर उभा दिसतो, बाहुलीएवढा.

नव्या नवरीने नवऱ्याला तळहातावर घेतलं. "असाच ठेवीन आयुष्यभर," ती म्हणाली.

"आधी घरी पोचू दे," नवरा म्हणाला. "इथे नाक गळून पडलंय माझं."

गास्पार मावशीकडे वळला. "मावशी, तुमचा एक. तिकडे तोंड करून नको, माझ्याकडे बघा. हात असा पुढे धरा, तळहात वर. हिलारिओनना पाठवतो मागे लांब."

मावशी नको नको म्हणत उभी राहिली. हात पुढे केला. गास्पारने बटण दाबलं आणि कॅमेऱ्यातच बघत म्हणाला, "वा, नेमका तळहातावर आलाय. हिलारिओन, तुम्ही केव्हा गेलात मागे?"

"मी कुठे गेलोय?" हिलारिओन त्याच्या शेजारीच उभा होता.

सगळ्यांनी मागे पाहिलं.

मीठ. पार क्षितिजापर्यंत नुसतं मीठ.

मावशीने कॅमेरा मागून घेतला. फोटोत तिच्या तळहातावर एक माणूस उभा होता. पावाच्या बाळाएवढा. डोकं उघडं, एक खांदा पडलेला, पाय ओढत चालणाऱ्याचं असतं तसं अंग पुढे झुकलेलं.

त्याचं तोंड कॅमेऱ्याकडे नव्हतं. मावशीच्या पाठीकडे होतं.

गास्पार भराभर आधीचे फोटो कॅमेऱ्यात चाळू लागला. लाल तळं. वाफेची कुंडं. तुपिसाचे डोंगर. ज्या ज्या फोटोत मावशी होती, त्या प्रत्येकात तिच्या पाठीमागे लांबवर एक ठिपका होता.

"मला वाटलं काचेवर धूळ आहे," तो हळूच म्हणाला. "चार दिवस मी ती पुसतोय, मावशी."

मावशीने त्या ठिपक्यावर अंगठा फिरवला.

"तीन वर्षं," ती म्हणाली. "हाका मारमारून मी चालवलं त्याला. उन्हातान्हात. तहानेलं लेकरू माझं."

मग तिने दिराला विचारलं, "भावजी, बारा वाजायला किती वेळ आहे?"

हिलारिओनने मनगटावरचं घड्याळ तिच्यापुढे धरलं. पान्यांची पेटी उघडली आणि तळातून फडक्यात गुंडाळलेलं काहीतरी काढलं. पावाचं बाळ. कपाळावर साखरेने नाव काढलेलं, रेमी.

"तुमच्या जावेने भाजलंय," तो म्हणाला. "दर वर्षी भाजते. दर वर्षी मी तसंच परत नेतो."

मावशीने पाठीला बांधलेली रंगीत चादर सोडून मिठावर अंथरली. सूप वाढलं, तळाचं मांस घालून. पाण्याचा पेला भरला. पावाचं बाळ ठेवलं. कोणी सांगितलं नव्हतं, पण गास्पारने आपल्या पिशवीतलं संत्रं आणून ठेवलं. शेवटी मावशीने झग्याच्या आतून कानटोपी काढली, तिच्यावरून हात फिरवला आणि ताटाजवळ ठेवून दिली.

तिसरा निरोप पाठ फिरवून द्यायचा असतो. वळून बघितलं तर जाणाऱ्याचा पाय निघत नाही. म्हणून सगळे मेजाकडे पाठ फिरवून उभे राहिले.

ऊन. शांतता. वारासुद्धा पडला होता.

आणि मग...

करर... करर...

मिठावर पावलं वाजत होती. एक जड, एक ओढलेलं.

करर...

थांबली.

ठण.

एकदाच. अगदी हलकेच, जेवणाचं ताट समोर असताना वाजवावं तसं.

मावशीचे खांदे हलत होते. पण ती वळली नाही. पुरेसा वेळ दिला. आईला पोराचं जेवण किती वेळ चालतं ते माहीत असतं.

मग ती समोरच्या पांढऱ्याकडे बघत म्हणाली, "रिपुय, रेमी. जेवलास ना? आता जा, बाळा. माझ्यामागे येऊ नको. मी नाही हाक मारणार."

रिपुय म्हणजे जा. तो शब्द तिने मुलाला जन्मात कधी म्हटला नव्हता.

सगळे जीपकडे चालू लागले. पाठीमागे पुन्हा पावलं वाजायला लागली. येत होती की जात होती... कोणी सांगू शकत नाही. मिठावर आवाजालाही जवळ-लांब नसतं.

जीप निघाली. मेज तिथेच सोडलं. कोणी काचेतून मागे पाहिलं नाही.

बऱ्याच वेळाने थोरली जर्मन बाई शब्दकोशातून जुळवलेल्या शब्दांत हिलारिओनला विचारू लागली. त्या मुलाने जे सांगितलं त्याचा अर्थ काय?

"कुठल्या मुलाने?"

"मागे. आपण चालत होतो तेव्हा. तो परत परत म्हणत होता..." बाईने आठवून आठवून, नीट उच्चार करून सांगितलं. "ममाय, हामुय. ममाय, हामुय."

हिलारिओनने जीप थांबवली. दोन्ही हात स्टिअरिंगवर तसेच.

आई, ये.

नवी नवरी रडायला लागली. मावशी मागे भांड्यांपाशी बसली होती, झग्याच्या घडीत हात घट्ट दाबून.

"चला भावजी," ती म्हणाली. "मी ऐकलं होतं ते."

तो तिला का बोलावत होता, कोणालाच माहीत नाही. गावातल्या म्हाताऱ्या म्हणतात, तो तिची हाकच तिला परत करून गेला, लहान मूल करतं तसं. पाद्रीबाबा म्हणतात, वारा. हिलारिओन या विषयावर काहीच म्हणत नाही, आणि तो गप्प बसला की मला भीती वाटते.

गास्पारने नंतर तोच फोटो पाठवला होता. त्यात मावशी हात पुढे करून उभी आहे. तळहात रिकामा. ठिपकाही नाही. ते बरं की वाईट, मला अजून ठरवता आलेलं नाही.

मावशी अजून जीपवर जाते. पण मिठावर कोणाला "या जेवायला" म्हणत नाही. ताटावर पळी वाजवते. सगळे बसले तरी ती एकटी उभी राहते, लांब बघत, कोणी बोलावल्यासारखी मान किंचित कलती करून.

गेल्या महिन्यात माझ्याकडे आली होती. जाताना तिने आपली काळी गोल टोपी काढून माझ्या दारामागच्या खुंटीला अडकवली. त्या टोपीविना मावशी कधी उंबरा ओलांडत नाही.

"मावशी, टोपी?"

"राहू दे तुझ्याकडे," ती म्हणाली. "आणि एक लक्षात ठेव. मी एखाद्या फेरीतून परत आले नाही, तर ती हलवून मला हाक मारू नकोस."

"असं का बोलतेस?"

तिने माझ्या गालाला हात लावला. बोटं खडबडीत होती, मिठाची.

"माणूस दमतं गं," ती म्हणाली, "मागे चालून."