डावी जागा

"सीटवर साधी पिशवीसुद्धा नाही, आणि ही बया म्हणते, सहप्रवाशाचा पट्टा लावा!" पद्माकर नार्वेकरांनी निळ्या गाडीच्या टपावर थाप मारली. "अख्खी नोकरी मी वजनकाटे तपासण्यात घालवली. आधी रिकामं पारडं शून्यावर आहे की नाही ते बघायचं, मग पुढचं. तुमचं पारडंच खोटं बोलतंय."

कोल्हापूरच्या विद्युत-वाहन सेवाकेंद्रातला तंत्रज्ञ इर्शाद मुजावर गाडीच्या पोटातून बाहेर आला. नार्वेकरांच्या थापा त्याला आता सवयीच्या झाल्या होत्या. वजनमापे खात्यातून निवृत्त झालेल्या या निरीक्षकांनी गाडी घेतल्यापासून त्याला जेवढे फोन केले होते, तेवढे त्याच्या सासूनेही केले नव्हते.

तक्रारी काही खोट्या नव्हत्या. समोरची काच पुसायची म्हटली तरी पडद्यावरच्या तीन दारांतून आत जावं लागे. दाराची मूठ कासवासारखी आत दडून बसे. नार्वेकरांनी जांभई दिली की गाडी म्हणे, "आपण थकलेले दिसता. चहा घ्यावा." शिंकले की विचारी, "आपण काही म्हणालात का?" एकदा वैतागून ते ओरडले होते, "गप्प बस!" तेव्हा गाडीने शांतपणे विचारलं होतं, "गप्प बसण्याचा कालावधी सांगा." अशा यंत्रापुढे माणसाने डोकं आपटून घ्यावं नाही तर काय करावं? आणि आता हा पट्ट्याचा घंटानाद. गाडी सुरू केली की टिंग, टिंग, टिंग.

"काका, सीटखालचा वजनसंवेदक बघितला, तारा बघितल्या. सगळं ठीक आहे बघा," इर्शाद म्हणाला. "शून्य म्हणजे शून्यच दाखवतोय. हे वरचं दुखणं आहे. मॅडमना विचारतो."

मॅडम म्हणजे मनवा सबनीस. कंपनीच्या पुण्याच्या संशोधनशाळेत तिनेच ही यंत्रणा बांधली होती. भिंतीवरच्या पडद्यावर ती हातात डब्याचं झाकण घेऊनच आली.

"वजन शून्य, तरी माणूस कसा मोजता?" नार्वेकरांनी नमस्कारचमत्कारात वेळ घालवला नाही.

"कारण वजनावर भरवसा ठेवता येत नाही, काका," मनवा म्हणाली. "लोक सीटवर तांदळाचं पोतं ठेवतात, गाडी त्याला माणूस समजते. संवेदक दोन उन्हाळ्यांत बिघडतात. आत कॅमेरा लावावा, तर शेजारच्या माणसाकडे रोखायला कायद्याने बंदी. फक्त चालकाचा चेहरा बघायची परवानगी आहे. मग आम्ही विचार केला, शेजारी कोणी आहे की नाही हे सगळ्यांत चांगलं कोणाला माहीत असतं?"

"चालकाला."

"बरोबर. शेजारी माणूस असला की चालक वेगळा वागतो. नजर अधूनमधून डावीकडे जाते. तो बोलतो, मग थांबतो, उत्तर ऐकल्यासारखा मान हलवतो, परत बोलतो. खड्डा आला की जरा आधीच ब्रेक दाबतो. थंड हवेची जाळी त्या बाजूला वळवतो. फोनवरचं बोलणं आम्ही वगळतो. बाकी सगळं जमवून गाडी ठरवते. याला आम्ही उपस्थिती-अनुमान म्हणतो."

"आणि वजन एक सांगतंय, अनुमान दुसरंच, असं झालं तर मॅडम?" इर्शादने विचारलं.

"महिनोन् महिने तसंच चाललं तर अनुमान जिंकतं. यंत्र बिघडतं रे, माणसाची सवय सहसा बिघडत नाही."

 नार्वेकरांनी खिशातून रुमाल काढला आणि चष्मा पुसू लागले. चष्मा स्वच्छच होता.

मनवाने समोरच्या नोंदींकडे नजर टाकली. "तुमच्या गाडीचं अनुमान तर फारच पक्कं आहे. प्रत्येक फेरीला सहप्रवासी. काका, घरी कोण कोण असतं?"

"आम्ही दोघंच," नार्वेकर म्हणाले. "मी आणि शालन."

"मग झालं! काकू बरोबर नसल्या तरी सवयीने गाडी त्यांना धरतेय. सोपा उपाय आहे. गाडीत बसून एकदा मोठ्याने म्हणायचं, 'डावी जागा रिकामी आहे.' तुमच्याच आवाजात हवं. अपघात झाला तर माणसं किती, हा जिवाचा प्रश्न असतो, म्हणून ते दुसऱ्या कोणाला बदलता येत नाही. आम्हालाही नाही."

नार्वेकर गाडीत बसले. इर्शाद दारापाशी उभा राहिला. पडद्यावरचा ठिपका हिरवा होऊन वाट बघू लागला.

शालनला स्कूटरवर मागे बसायचा आयुष्यभर कंटाळा होता. पदर खोचून, एका हाताने पिशवी आणि दुसऱ्याने नवऱ्याचा खांदा धरून तिने उभं कोल्हापूर पालथं घातलं होतं. "कधीतरी गाडी घ्याल तेव्हा निळी घ्या," ती म्हणायची. "आणि मी पुढे बसणार. वेंगुर्ल्यापर्यंत पाय पसरून." नार्वेकरांनी गाडी निळीच घेतली. फक्त उशीर केला. सोसायटीत कोणाला सांगायची गरज नव्हती, सगळ्यांना ठाऊक होतं. लांबचं कोणी फोनवर "वहिनी बऱ्या आहेत ना?" म्हणालं, की ते "आहे, बरी आहे" म्हणून विषय बदलत. ती गेली, हे दोन शब्द त्यांनी अजून कोणापुढेच उच्चारले नव्हते. बारा दिवसांचं सगळं यथासांग केलं, पण तोंडातून ते काही निघालं नाही.

ठिपका वाट बघत होता. नार्वेकरांनी तोंड उघडलं, डावीकडे पाहिलं आणि मिटलं.

"राहू दे," ते म्हणाले. "पट्टाच लावून टाकतो की. घंटा थांबल्याशी कारण."

त्यांनी हात लांब करून रिकाम्या सीटवरून पट्टा ओढला आणि खटकन अडकवला. घंटा थांबली. इर्शादला वाटलं, म्हातारा हट्टी आहे. मनवाला जेवायचं होतं. कोणीच पुढे काही विचारलं नाही.

त्यानंतर नार्वेकरांची गाडीविरुद्धची एक तक्रार कायमची संपली. गाडीत बसले की आधी शालनचा पट्टा, मग स्वतःचा. बाहेर पडलं की बोलणं सुरू. दूध महागलं, शेजारच्या जोशांनी झाड तोडलं, तुझ्या बहिणीचा फोन आला होता, मी उचलला नाही. मधेमधे थांबायचं, तिला उत्तराला जागा ठेवायची. घरात त्यांना असं बोलता येत नसे; भिंती फार गप्प असत. गाडीत निदान कोणीतरी, यंत्र का असेना, दोन माणसं धरत होतं. एका माणसाने बनवलेल्या यंत्राने आपल्याला एकटं समजू नये, याचा त्यांना किती आधार वाटायचा, हे त्यांनी कोणाला सांगितलं असतं तर लोक हसले असते.

थंडी सरत आली तेव्हा ते वेंगुर्ल्याला निघाले. आंबोलीचा घाट उतरताना दुपारीच धुकं दाटलं. "हळूच चालवतोय गं," ते डावीकडे बघून म्हणाले, आणि वळणावर रस्त्याच्या मधोमध गवा उभा होता.

त्यांनी चाक फिरवलं. कठडा फुटला. गाडी घसरत खाली गेली आणि एका झाडाला अडकून, डावी बाजू दरीकडे करून थांबली. डावं दार मोडून पडलं होतं. नार्वेकरांचा उजवा पाय अडकला होता, पण शुद्ध होती. गाडीने तेवढ्यात मदतीचा संदेश पाठवलाही होता. घाटातल्या बचाव पथकाच्या फोनवर आणि पुण्याच्या आपत्कालीन कक्षात एकाच वेळी अक्षरं उमटली: वाहनात दोन व्यक्ती. चालक शुद्धीवर. सहप्रवाशाच्या जागेवर वजन शून्य. डावं दार तुटलेलं. व्यक्ती बाहेर फेकली गेल्याची शक्यता.

पथकाचा म्होरक्या बाबल गावडे चौघांना घेऊन दोराने उतरला. त्याने आधी गाडी झाडाला बांधली, मग आत डोकं घातलं. "काका, घाबरा नको हां. काकी खंय?"

नार्वेकरांनी रिकाम्या सीटकडे पाहिलं. पट्टा अजून अडकलेलाच होता. त्यांच्या तोंडून फक्त "ती..." एवढंच निघालं.

"खाली गेली," बाबलने मागे वळून सांगितलं. "सुरेश, महादेव, दोर सोडा."

गाडीच्या ध्वनिवर्धकातून मनवाचा आवाज आला. मोठा अपघात असला की आपत्कालीन कक्ष तिलाच जोडून देत असे. "त्यांच्या पत्नीच बरोबर असणार; घरी ते दोघंच असतात. त्यांनीच मला सांगितलंय. बारीक अंगाच्या असतील तर पट्ट्यातून सुटू शकतात. कृपया शोधा."

दोघे तरुण कड्यावरून खाली सरकू लागले. दगड ओले होते. थोड्याच वेळात खालून दरड सुटल्याचा आवाज आला, आणि कोणीतरी आईला हाक मारली. दोर ताणला. महादेव हवेत लोंबकळत होता.

"थांबा!" नार्वेकर ओरडले. "वर या! खाली कोणी नाही!"

बाबलने त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. "काका, मार लागलो काय माणूस असांच बोलता. तुम्ही गप रवा. काकीक आमी घेऊन येतव."

"अरे, नाही रे बाबा ती! कोणी नाही!"

"गाडी दोन म्हणता, मॅडम दोन म्हणता, बेल्ट लावलेलो दिसता." बाबल खाली वाकून ओरडला, "महादेवा, जरा उजवीक!"

नार्वेकरांना रडू कोसळलं. त्यांच्या एका खोट्यापायी कोणाचातरी मुलगा दोरावर झुलत होता. पुण्यात मनवा ऐकत होती. नोंदींमधलं ते वजन तिला आता आठवलं: पहिल्या दिवसापासून शून्य. एकदाही, एका फेरीलाही शून्याशिवाय काही नाही.

"काका," ती हळू म्हणाली, "ते वाक्य. गाडीला सांगा. पथकाच्या फोनवरचा आकडा तुमच्याच आवाजाने बदलेल."

ठिपका हिरवा झाला. तडा गेलेल्या पडद्यावर तो तसाच वाट बघत होता.

"डावी जागा," नार्वेकर म्हणाले, आणि थांबले. यावेळी ते थांबणं उत्तराला जागा ठेवण्यासाठी नव्हतं. "डावी जागा रिकामी आहे."

"नोंद बदलत आहे," गाडी म्हणाली. "आधीच्या फेऱ्या दुरुस्त करण्यासाठी सांगा. ही जागा केव्हापासून रिकामी आहे?"

दोर धरलेला बाबल वळून बघू लागला.

"तीन वर्षं झाली," नार्वेकर म्हणाले. "शालन गेली. तीन वर्षं झाली."

 बाबलने दोराला दोन हिसके दिले आणि खालच्या पोरांना वर यायची हाक घातली. 

"हे वाहन दहा महिन्यांपूर्वी बनलं आहे," गाडी शांतपणे म्हणाली. "उत्तर ग्राह्य नाही. कृपया पुन्हा सांगा."

नार्वेकरांनी पुन्हा तेच सांगितलं.