एसी चालू, दार बंद

भूपेशनं तिला पहिली हाक मारली ती 'ताई' अशी. प्रेमकथेची सुरुवात यापेक्षा वाईट होऊ शकत नाही. पण मे महिना, म्हसावद, दुपारचा एक आणि पंचेचाळीस अंश… अशा वेळी माणसाच्या तोंडून जे निघतं ते निघतं.

"ताई, गाडी उघडणाऱ्या त्या… तुम्हीच का?"

"ताई नका म्हणू. मिस्तरी म्हणा. सगळे म्हणतात."

डोक्यापासून गळ्यापर्यंत घट्ट बांधलेला पांढरा स्कार्फ, अंगात पूर्ण बाह्यांचा खाकी शर्ट, हातात पत्र्याची पेटी. दिसत होते ते फक्त डोळे. उन्हाळ्यात तालुक्यातल्या सगळ्या मुली अशाच दिसतात, त्यामुळे भूपेशला त्यात वावगं काही वाटलं नाही. डोळ्यांकडे मात्र त्यानं गरजेपेक्षा थोडा जास्त वेळ पाहिलं.

गाडी त्याच्या वडिलांची, म्हणजे ब्राह्मणपुरीच्या गिरधरभाऊंची. घेऊन एकवीस दिवस झाले होते आणि सीटवरचं प्लास्टिक अजून शाबूत होतं. आज मंडळी मुलगी पाहायला आली होती. मुलीच्या वडिलांच्या, नवनीतभाऊंच्या, अंगणात निंबाची ऐसपैस सावली होती, पण सावलीत गाडी दिसत नाही. म्हणून गिरधरभाऊंनी ती रस्त्याच्या तोंडाशी, भर उन्हात लावायला सांगितली आणि उतरता उतरता मुलाला हुकूम सोडला, "बंद करू नको रे. चालूच ऱ्हाऊ दे. गावले बी समजाले जोयजे, एसी शे."

चावी आत, इंजिन चालू, एसी चालू. पाच मिनिटांनी भूपेश पेढ्यांचा डबा घ्यायला बाहेर आला, तर गाडीनं चारही दारं स्वतःच लॉक करून घेतली होती. दुसरी चावी ब्राह्मणपुरीला देवघरात होती. तिची रोज पूजा होत असे.

पाहायची मुलगी म्हणजे नवनीतभाऊंची रूपाली. तिचा बायोडाटा आईनं, सिंधुबाईंनी, लिहिला होता. छंद: विणकाम. स्वभाव: मितभाषी. रूपालीचं शहाद्याला गाड्यांच्या वायरिंगचं स्वतःचं दुकान आहे, ही किरकोळ बाब त्यात राहून गेली होती. आधीची तीन स्थळं त्या दुकानाची पाटी वाचून परत गेली होती ना! रूपालीनं मात्र मनाशी पक्कं केलं होतं: आपलं काम ज्याला चारचौघांत सांगता येत नाही, त्याच्या घरी जायचं नाही.

त्यामुळे नवनीतभाऊ स्वयंपाकघरात येऊन हळूच म्हणाले, "पाहुणासनी गाडी लॉक व्हयनी… इंजिन चालू शे," तेव्हा ती नेसायची साडी खाटेवर टाकून मागच्या दारानं निघाली.

"माय वं, कोठे चालनी? लोकं बठेल शेतस!" सिंधुबाई ओरडल्या. पण तोंडात साडीच्या पिना असल्यामुळे ते कोणाला नीट ऐकू गेलं नाही.

आणि आता ती त्याच्यासमोर उभी होती. त्याला ठाऊक नव्हतं, तिला ठाऊक होतं.

"असं झालं कसं पण?" भूपेशनं विचारलं.

"दाराच्या आत प्लास्टिकचा खटका असतो, त्याला छोटी मोटर. बाहेरून पत्रा भाजतोय, आतून एसी गार करतोय. खटका फुगतो, अडकतो… मग दार उघडं आहे की लागलेलं, गाडीलाच कळेनासं होतं. शंका आली की ती कुलूप लावून घेते."

"आमच्या घरासारखंच."

डोळे हसले. बाकीचं स्कार्फमुळे कळायला मार्ग नव्हता.

"काच फोडा!" समोरच्या ओट्यावरून चुनीलाल ओरडला. त्याला या प्रकरणात कोणी विचारलं नव्हतं. "गाडी लॉक व्हयनी हो! काच फोडा!"

"उभ्या गाडीत, या उन्हात, इंजिन आणि एसी…" ती रेडिएटरच्या बाजूला कान लावून म्हणाली. "वीस मिनिटांत पाणी उकळेल. मग गाडी उघडली काय अन् नाही काय. धरा हे."

त्यानं धरलं. दंडाला गुंडाळायचा पट्टा, त्याला नळी, नळीला रबरी फुगा.

"हे… ब्लड प्रेशरचं?"

"दवाखान्यानं टाकून दिलेलं. पट्टा मी दाराच्या फटीत सरकवते. फुगा तुम्ही दाबा. हळू! घाई केलीत तर काच जाईल."

"कोणाचं प्रेशर मोजतोय आपण?"

"आत्ता तरी तुमचंच वाढलेलं दिसतंय."

तो दाबत राहिला. तापून मऊ पडलेलं दाराचं रबर केसाकेसानं बाजूला झालं, बोटभर फट पडली. तिनं लांब सळई आत सोडली. टोकाला चिकटपट्टी गुंडाळलेली होती. मनगट पत्र्याला टेकणार, तोच भूपेशनं खिशातला रुमाल घडी करून मध्ये ठेवला.

"सवय आहे मला," ती म्हणाली.

"असेल. तरी…"

सळई क्षणभर थांबली. पाच वर्षांत गिऱ्हाइकांनी तिला चहा पाजला होता, सल्ले दिले होते, 'घरात पुरुष माणूस नाही का' असंही विचारलं होतं. रुमाल कोणी ठेवला नव्हता.

"तुम्ही इथल्याच ना?" त्यानं विचारलं. "आतली मुलगी… कशी आहे?"

"तोंडाळ."

"बायोडाटात मितभाषी लिहिलंय!"

"बायोडाटा आया लिहितात. तुमच्यात काय लिहिलंय?"

"निर्व्यसनी, मनमिळाऊ. केळीची बाग, बी.एस्सी. वडिलांनी लिहिलाय."

"अन् लिहायचं काय राहिलं?"

त्यानं फुगा दोनदा उगाच दाबला. "वडिलांपुढे माझं तोंड उघडत नाही… ते राहिलं."

"ते अवघड आहे," ती सळई फिरवत म्हणाली. "त्याला बाहेरून काही करता येत नाही."

खट्! चारही दारं सुटली. आतली गार हवा दोघांच्या अंगावर आली, आणि दोघंही उगीचच तिथंच उभी राहिली.

त्यानं हात घालून इंजिन बंद केलं. "तुमचं काय झालं ते सांगा."

"पैसे नकोत. आत जाऊन सांगा, गाडी कोणी उघडली. बाई मिस्तरी होती, एवढं सगळ्यांसमोर बोला. बस्."

आणि पेटी उचलून ती घरामागं दिसेनाशी झाली.

सहा मिनिटांत ती साडी नेसून, पोह्यांचा ट्रे घेऊन पडद्यामागं उभी होती. बाहेरच्या खोलीत भूपेश गाडी सावलीत लावून, पेढ्यांचा डबा घेऊन शिरत होता आणि गिरधरभाऊंना चुनीलालची वार्ता केव्हाच पोहोचलेली होती.

"देखं! उघडी गयी ना आपेआप?" ते नवनीतभाऊंना सांगत होते. "कंपनीनी गाडी शे. गरम व्हयनी का बंद, थंडी व्हयनी का उघडस. तिले अक्कल शे!"

"चाल वं," सिंधुबाई कुजबुजल्या.

"थांब."

कूलर घरघरत होता. भूपेश खुर्चीवर बसला. डबा मांडीवर ठेवला. डब्याचा दोरा सारखा केला. रूपाली पडद्याच्या फटीतून पाहत होती… बोलला नाही, तर हे पोहे द्यायचे, पाया पडायचं आणि संध्याकाळी नाही म्हणून कळवायचं. रुमाल ठेवला होता तरीसुद्धा.

"नाना."

गिरधरभाऊंनी वळून पाहिलं. मुलानं चारचौघांत आपल्याला हाक मारल्याचं त्यांना आठवत नव्हतं.

"आपोआप नाही उघडली. एका मिस्तरींनी उघडली. बाई होत्या. पंधरा मिनिटं उन्हात उभ्या होत्या. अन् चूक गाडीची नव्हती, आपली होती. चालू ठेवायला नको होती."

"बरं बरं, ऱ्हाऊ दे आते…"

"अजून एक आहे." तो घामानं निथळत होता, कूलरसमोर बसून. "मुलगी बाहेर यायच्या आधीच सांगतो, नंतर सांगणं शोभणार नाही. मला तिला पाहता येणार नाही. मी… म्हणजे त्या बाहेरच्या… त्यांचं नावसुद्धा माहीत नाही मला, पण—"

"गाडी उघडाले गयथा का पोर देखाले?" गिरधरभाऊ ओरडले.

पडदा हलला.

"घ्या," रूपाली ट्रे पुढं करत म्हणाली. "पोहे गार होतात. मे महिन्यात या गावात तेवढीच एक गोष्ट गार होते."

आवाज ऐकून तो ताडकन उभा राहिला. पाहण्याच्या कार्यक्रमात मुलगा उभा राहत नाही, पण तो राहिला. तेच डोळे. आणि मनगटावर साबणाला न जुमानणारा ग्रीसचा काळा फराटा.

"मिस्तरी…"

"उघडतं की तोंड," ती त्याला ऐकू जाईल इतपतच म्हणाली. मग मान वर करून सगळ्यांना उद्देशून, "शहाद्याला माझं दुकान आहे. गाड्यांचं वायरिंग, लॉक, सेन्सर. पाच वर्षं झाली. लग्नानंतरही चालू राहील. आईचं लिहायचं राहिलं, म्हणून सांगते."

सिंधुबाईंनी डोळे मिटले. नवनीतभाऊ मात्र सकाळपासून पहिल्यांदाच पाठ टेकून, छाती काढून बसले.

गिरधरभाऊंनी मुलीकडं पाहिलं, मुलाकडं पाहिलं, खिडकीतून गाडीकडं पाहिलं. त्यांचा अभिमान मोठा होता, पण सुदैवानं एका जागेवरून दुसऱ्या जागी हलवता येण्यासारखा होता.

"म्हंजे… कोन्तीबी कंपनीनी गाडी उघाडस का तू?"

"कोणत्याही."

"आयकं का!" ते टोपी सारखी करत बायकोला, जमनाबाईंना, म्हणाले. "कोन्तीबी! आखी ब्राह्मणपुरीमा कोन्हाकडे शे असी सून?"

"आजून सून व्हयेल नही," जमनाबाई पोहे खात म्हणाल्या. "जरा दम धरा."

"आम्हाले पसंत शे!"

"आम्ही कळवतो," रूपाली म्हणाली.

हे वाक्य मुलाकडच्यांचं. मुलीकडून ते आजवर कोणी ऐकलं नव्हतं. गिरधरभाऊंच्या तोंडात पेढा तसाच राहिला.

मंडळी निघाली तेव्हा ती गाडीपर्यंत आली. भूपेश स्टिअरिंगवर बसला होता आणि काच खाली होती.

"कधी कळवणार?" त्यानं समोर पाहत विचारलं.

"कळवलं की."

"…कधी?"

"आत्ता." ती काचेच्या रबरावरून बोट फिरवत म्हणाली, जणू तेच तपासत होती. "पण तुमच्या वडिलांना आठ दिवसांनी सांगा. आमच्या घरानं तीनदा वाट पाहिलीय. त्यांनाही एकदा पाहू द्या."

"आठ दिवस मला दम निघणार नाही…"

"दुकान सकाळी नऊला उघडतं," ती म्हणाली आणि मागं वळून न पाहता घराकडं चालू लागली. मान ताठ होती. गती मात्र जरा जास्तच हळू.

गाडी गावाबाहेर पडली. मागच्या सीटवर गिरधरभाऊंनी खिशातून फोन काढला, पाहिला, ठेवला. परत काढला.

"रेंज शे ना रे आठे?"

"आहे नाना," भूपेश म्हणाला, आणि हसू लपवायला त्यानं तोंड खिडकीबाहेरच्या झळांत धरलं.