दत्ताराम दुपारीच का येतात?

"संपदाताई, लवकर या! आजी गोल्या खात न्हाय. सगल्या उशीखाली दडवल्यात!"

चंपा दारातूनच ओरडली. जवळच्या राई गावातली ही बाई दिवसरात्र नीलिमाकाकूंच्या सोबतीला असायची. संपदा समोरच्या फ्लॅटमधली. रिमोटचे सिग्नल तयार करणारं आणि तपासणारं सॉफ्टवेअर लिहिणं, ही तिची नोकरी. आज घरून काम होतं म्हणून सापडली. चप्पल न घालताच ती धावली.

काकू पलंगावर हसऱ्या चेहऱ्यानं बसल्या होत्या. हृदयाची गोळी चुकवून कुणी असं हसतं का?

"हे बोलावतायत गं मला," काकू म्हणाल्या. "टीव्ही लावून नाट्यसंगीत ऐकवतायत. मग आता गोळ्या कशाला?"

काकूंचे यजमान दत्तारामकाका गणपतीच्या आधी गेले. तेव्हापासून टीव्ही आपोआप लागायचा आणि थेट त्यांच्या आवडत्या नाट्यसंगीताच्या चॅनलवर जायचा. भाईंदर पूर्वेच्या त्या अख्ख्या बिल्डिंगला ही गोष्ट ठाऊक होती. बोटं वळत होती दिपेशकडे. काकूंचा हा भाचा काशीमीऱ्याला मोबाइलचं दुकान चालवायचा, फोनवरून कुणाचाही टीव्ही लावून दाखवायचा, आणि मावशीचा फ्लॅट त्यानं एकदा मागितलाही होता. आता तर मुलगा निकेत संध्याकाळी पुण्याहून येणार होता. उद्या फ्लॅटच्या विक्रीवर काकूंची सही, आणि मग त्यांना पुण्याला हलवायचं, असं त्यानं ठरवलं होतं.

"काकू, काका रात्री येतात?"

"नाही. दुपारी, नाहीतर दिवेलागणीला."

"रात्री कधीच नाही?"

"रातीला कुठं?" चंपा मध्येच म्हणाली. "झोपताना आजी सगली बटनं बंद करतात. टीवीचं, पंख्याचं, सगल्यांचं. फ्रिज आन काकांच्या फोटोफुडचा दिवा तेवढा चालू. माजा गरमीनं जीव जातो!"

संपदानं घरून लॅपटॉप आणि सिग्नल पकडणारं छोटं यंत्र आणलं. चार्जर लावायला ती फोटोजवळच्या प्लगकडे वळली.

"त्याला हात लावू नकोस!" काकू केवढ्यानं ओरडल्या. "तेराव्याला निकेतनं आणलाय हा विजेचा दिवा. अखंड तेवत राहू दे म्हणालाय."

चार्जर दुसरीकडे लागला. खिडकीचे पडदे ओढले. तेवढ्यात दिपेश मावशीची विचारपूस करायला आला.

"फोन दे," संपदा त्याला म्हणाली.

"तूपण माझ्यावरच संशय घेतेयस?"

"दे म्हणते ना. बंद करून टेबलावर ठेव."

त्यानं तोंड वाकडं करत ठेवला. चौघं टीव्हीकडे बघत बसली. बाहेर रिक्षांचा गोंगाट चालू होता, आत मात्र नुसती धाकधूक.

टीव्ही लागला. तंबोऱ्यामागून जुनं पद सुरू झालं. चंपानं पदराचा बोळा तोंडात धरला, आणि काकूंनी फोटोला हात जोडले.

संपदा लॅपटॉपवर उमटलेल्या सिग्नलच्या काळ्या रेघांकडे बघत होती. मग तिनं घरातला रिमोट चंपाच्या हातात दिला आणि तेच चॅनल लावायला सांगितलं. त्याही रेघा उमटल्या. दोन्ही शेजारी ठेवून बघताना तिचा चेहरा उतरला.

निकेत आला तेव्हा सगळे तिथंच बसले होते.

"दिपेशचाच उद्योग हा," तो ऐकल्याबरोबर म्हणाला. "पोलिसांत देऊया."

"आधी हे बघ." संपदानं लॅपटॉपचं एक बटण दाबलं. टीव्ही लागला, तेच चॅनल. "काकू, माफ करा. हे मी लावलं. दुपारी पकडलेला सिग्नल परत सोडला फक्त."

काकूंचं हसू मावळलं.

"माणूस बटण दाबतो तेव्हा अंगठा रेंगाळतो, सिग्नल पुन्हापुन्हा जातो. चॅनलच्या दोन आकड्यांमधला वेळही कमीजास्त होतो. हा एकेकदाच गेला, अगदी मोजूनमापून. म्हणजे यंत्रानं सोडला. रिमोटचा सिग्नल म्हणजे डोळ्यांना न दिसणारा प्रकाश. तो भिंतीतून येत नाही आणि पडदे ओढलेले होते. म्हणजे यंत्र ह्याच खोलीत, टीव्हीसमोर. दिपेशचा फोन तर बंद होता."

"मग?" निकेतनं विचारलं.

"भूत रात्री का येत नव्हतं? कारण रात्री टीव्हीचं बटणच बंद. पण यंत्राला दिवसभर वीज हवी, आणि काकू तर दिसेल ते बटण बंद करतात. ज्याला त्या कधीच हात लावणार नाहीत, अशी एकच वस्तू टीव्हीसमोर आहे."

तिनं फोटोपुढचा दिवा उचलून पालथा केला. टीव्हीकडच्या कडेला सिग्नल सोडणारा काळा मणी होता, बुडात चिमुकलं सर्किट. घरच्या वायफायवरून चालणारं. पुण्यात बसूनही.

"निकेत, वायफाय तूच बसवलंस. दिवाही तूच आणलास."

निकेत आईकडे वळला.

"आई, तू घर सोडायला तयारच नव्हतीस. पुण्यात मोठा फ्लॅट बुक केलाय, हा विकल्याशिवाय तो होत नव्हता. वाटलं, घाबरलीस की येशील. बस्स, एवढंच."

"घाबरले असते तर बरं झालं असतं," काकू म्हणाल्या. "मी खूश होते रे. रोज दुपारी चांगली साडी नेसून बसायचे, हे येतील म्हणून. त्यांच्या मागं जायला निघाले होते मी!"

निकेत पाय धरायला पुढं झाला. काकूंनी पाय पलंगावर ओढून घेतले.

"चंपा, पाणी आण गं, गोळी घेते. आणि ह्याला सांग, सही होणार नाही. उद्या एकटाच जा म्हणावं."