डोंगरउतारावरची गोचीड

राजगडावर जायचं ठरलं होतं, पण चौथ्या दिवशीही अद्वयचा ताप उतरला नाही. दिवाळीच्या सुट्टीत तो आणि त्याची मोठी बहीण शेफाली भोरहून गुंजवण्याला मामाकडे आले होते.

"हवा बदलली की येतोच ताप," कुंडलिकमामा म्हणाले आणि गवत कापायला निघाले.

शेफाली अद्वयचे हात पुसत होती. त्याच्या तळहातांवर लाल ठिपके होते. तळपायांवरही तसेच.

मामेबहीण शिवानी ते पाहायला जवळ आली. मग हळूच म्हणाली, "शेजारच्या रतनआजीच्या हातावर पन असंच होतं. मागच्या सोमवारी गेली ती. तापानंच."

"ती कुठं जायची?"

"वरच्या उतारावर, गवताला. आपन बकऱ्या घिऊन गेलो हुतो ना, तितंच."

गवतातलं काही चावलंय का ते पाहायला दोघींनी अद्वयचं अंग तपासायला घेतलं. काखा, कंबर, केस. कानामागे राखाडी, टम्म फुगलेली गोचीड रुतून बसली होती!

शिवानी धावत जाऊन मामांना घेऊन आली. त्यांनी खिशातून काडेपेटी काढली.

"चटका दिला की सुटती."

"नको मामा," शेफाली आडवी आली. "शाळेत आरोग्य खात्याच्या बाईंनी सांगितलंय. जाळायची नाही, चिरडायची नाही."

तिने चिमट्याने गोचीड अगदी कातडीजवळ धरली आणि सावकाश सरळ वर ओढली. ती बाटलीत टाकली, जागा साबणाने धुतली. "आता याला दवाखान्यात न्यायला हवं, मामा."

"निघाली न्हवं? मग झालं," मामा म्हणाले. "गोचीड चावून कुनी मरतं व्हय? दवाखान्याचं उद्या बघू."

ते परत उतारावर गेले. अद्वय आता हाकेला ओ देत नव्हता.

रस्त्यावर दुधाचा टेम्पो थांबला होता. दोघींनी मामींना सोबत घेतलं आणि अद्वयला उचलून आणलं. मानसिंग ड्रायव्हरने एकदा पोराकडे पाहिलं, कॅन बाजूला सारले आणि वाटेत कुठंही न थांबता वेल्ह्याचा दवाखाना गाठला.

डॉक्टरीणबाईंनी ठिपके पाहिले, बाटली पाहिली. "हा गोचिडीचा ताप दिसतोय. रक्ताचा रिपोर्ट यायचा तेव्हा येईल, औषध आत्ताच सुरू करते. गावात आणखी कुणाला ताप आहे?"

शिवानीने रतनआजीचं सांगितलं. बाईंनी लगेच आरोग्य खात्याला कळवलं. मग म्हणाल्या, "हे कुणीतरी आधी सांगायला हवं होतं. तुम्ही दोघींनी सांगितलंत."

दुसऱ्या दिवशी आरोग्य पथक घरोघर फिरलं. गवत कापणारे दोघं जण तापाने पडलेले सापडले. त्यांना लगेच हलवलं.

तिसऱ्या दिवशी अद्वयने डोळे उघडून पेज मागितली. मामा खाटेशी उभे होते.

"पोरींनो, तुमी बोलत हुता आन् म्या ऐकलं न्हाई," ते म्हणाले. "तुमी हुता म्हनून ह्यो हाय."

घरी आल्यावर ते दारातल्या उजेडात बसले. त्यांनी सदरा काढला आणि मान खाली घातली.

"शिवानी, बघ गं. नीट बघ."