मधल्या जागेतला आवाज

बुधवारी दुपारी चार वाजता बाई नेहमीप्रमाणे कार्यालयात संगीताच्या खोलीची किल्ली घ्यायला गेल्या. त्या कॉलेजात सकाळी तरुण मुलं शिकत आणि दुपारनंतर कामाधंद्याची मोठी माणसं हौसेचे वर्ग करत. बाईंच्या समूहगानाच्या वर्गात बावीस जण होते. बस चालवणारे ड्रायव्हरभाऊ होते, इस्पितळातली एक नर्स होती, एक शिंपी होते, बाकीचे असेच कुठे कुठे राबणारे. गाण्यावर त्यांतल्या कुणाचंही पोट नव्हतं, म्हणूनच ते जीव ओतून गात. शनिवारी कॉलेजच्या सभागृहात त्यांचा कार्यक्रम होता.

किल्ली देताना प्राचार्य जरा घुटमळले. "बाई, शनिवारचं नीट होऊ द्या. मग बघू, वर्ग कुणा तरुण माणसाकडे द्यायचा का ते."

"का? माझं काय बिघडलंय?"

"तसं नाही हो... लोक म्हणतात, हल्ली तुम्हाला ऐकायला जरा..."

"ऐकावे जनाचे, करावे मनाचे," असं म्हणून बाईंनी किल्ली उचलली आणि त्या निघाल्या. पण बोलणं लागलं. धाकटी बहीणही महिनाभर मागे लागली होती, ताई, एकदा डावा कान दाखवून ये. बासष्टाव्या वर्षी गुडघे गेले असते तर बाईंनी काठी घेतली असती आणि वर दोन विनोद केले असते. पण कान म्हणजे त्यांचं सर्वस्व होतं. कान गेला तर वर्ग गेला, आणि वर्ग गेला तर त्यांना सकाळी उठायचं कशाला हेच कळलं नसतं.

त्यांची शिकवायची एक रीत होती. गाणाऱ्यांनी डोळे मिटून गायचं, आणि बाईंनी रांगांमधून हळूहळू चालत एकेकाच्या तोंडाशी कान न्यायचा. बाईही डोळे मिटत, पायांना खोली पाठ होती. कुणाचा सूर ढळला की त्या जागच्या जागी पुटपुटत, "उतरतोय," आणि पुढे जात. "बाकीचे मास्तर कान पकडतात, आमच्या बाई कान लावतात," असं शिंपी सगळ्यांना सांगत.

त्या बुधवारी शेवटच्या रांगेत नर्सपाशी त्या थांबल्या. नर्स सुरात होती. बाई एक पाऊल सरकल्या. पुढचा आवाज बायकी की पुरुषी ते कळत नव्हतं, आणि तो केसभर उतरलेला होता. गालावर गार श्वास लागला. बंद पेटाऱ्यात वर्षानुवर्षं राहिलेल्या कापडासारखा कुबट वास आला.

"उतरतोय," बाई पुटपुटल्या, आणि पुढे सरकल्या तर ड्रायव्हरभाऊ लागले. मग मघाशी कोण होतं?

त्यांनी डोळे उघडले. नर्स आणि ड्रायव्हरभाऊ यांच्यामध्ये एक माणूस मावेल एवढी जागा होती आणि तिथे मागची भिंत दिसत होती. सूर त्या जागेतून येतच होता.

गाणं संपल्यावर त्यांनी विचारलं, "तुमच्या दोघांमध्ये कोण गातंय?"

"आमच्यामध्ये? वारा गात असेल, बाई," ड्रायव्हरभाऊ म्हणाले. सगळे हसले. नर्स मात्र हसली नाही. ती बाईंच्या डाव्या कानाकडे बघत होती. भुताखेताचा विचारही त्यांच्या मनात आला नाही. आला तो एवढाच, की गेला, आपला कान गेला.

गुरुवारी सभागृहात रंगीत तालीम होती. ध्वनियंत्रणा सांभाळणाऱ्या तंत्रज्ञाला बाईंनी ती ध्वनिमुद्रित करायला सांगितली आणि शुक्रवारी दुपारी त्या त्याच्या काचेच्या खोलीत जाऊन बसल्या. त्याने एकदा ऐकलं, परत ऐकलं. मग कानांवरचे हेडफोन काढून हळूच टेबलावर ठेवले.

"बाई... मागच्या रांगेत एक आवाज जास्त आहे."

"कसा आहे?"

"किंचित... उतरलेला."

बाईंना त्या पोराचा मुका घ्यावासा वाटला. "तुलाही ऐकू येतोय! म्हणजे माझा कान शाबूत आहे!"

"पण बाई, मी मोजलेत... बावीसच लोक उभे होते. मग हे कोण आहे?"

"असेल कुणीतरी. कोण आहे ते मागाहून बघू. उद्या कार्यक्रम आहे आणि तो उतरलाय, त्याचं आधी बघायला हवं."

माणूस एखाद्या गोष्टीत पुरता मुरला की त्याला दुसरं काही दिसत नाही. बाईंना त्या क्षणी एक बेसूर विद्यार्थी तेवढा दिसत होता.

शनिवारी भर दुपारी त्या एकट्याच संगीताच्या खोलीत गेल्या. खिडक्यांतून लख्ख ऊन आत आलं होतं. त्यांनी पियानो उघडला आणि मागच्या भिंतीकडे बघून, पहिल्या दिवशी नवख्याशी बोलावं तसं खडसावून म्हटलं, "गायची हौस आहे ना? मग नीट गायचं."

त्यांनी एक सूर वाजवला. बराच वेळ काही झालं नाही. बाहेर मैदानावर कुणीतरी चेंडू आपटत होतं. मग भिंतीपासून तोच सूर आला, केसभर खाली.

"उतरतोय. वर घे... अजून... हां."

सूर जागेवर बसला. बाईंच्या अंगावर काटा आला, पण तो भीतीचा नव्हता. तीस वर्षांत एवढ्या लवकर कुणी शिकलं नव्हतं.

"आता एक नीट ऐक," प्रत्येक नवख्याला सांगत आल्या होत्या तेच त्यांनी सांगितलं. "समूहात आपला आवाज मिरवायचा नसतो. शेजारचा कसा गातो, श्वास कुठे घेतो, सगळं उचलायचं. तू कुठला आणि तो कुठला, हे ओळखू येता कामा नये."

 मग भिंतीपाशी नर्स गायला लागली. तिचा तो जरासा फाटणारा आवाज, ओळीच्या शेवटी चोरून घेतलेला श्वास, सगळं होतं. फक्त नर्स तिथे नव्हती.  क्षणभर बाईंना वाटलं, पियानो मिटावा आणि इथून चालू लागावं. पण शिष्य चांगला गायला की गुरूच्या तोंडून जे निघतं तेच निघालं.

"शाबास. बाकीच्यांचंही असंच जमायला हवं."

साडेपाचला पडदा उघडला. पहिल्याच ओळीला सभागृहातली खोकणारी माणसं खोकायची थांबली. बाईंनी डोळे मिटले. बावीसच्या बावीस आवाज त्यांना वेगवेगळे ऐकू येत होते, शिंप्यांचा घोगरा, ड्रायव्हरभाऊंचा भरदार, नर्सचा फाटका, आणि त्यांतला एकही केसभर ढळत नव्हता. असं हे लोक जन्मात गायले नव्हते. अभिमानाने बाईंचा ऊर भरून आला.

टाळ्या थांबेनात. प्राचार्य डोळे पुसत आत आले. "बाई, हात जोडतो. वर्ग तुमचाच, हवा तेवढा काळ." ते गेले आणि बाई आपल्या माणसांकडे वळल्या.

"काय गायलात रे! अरे, बोला की काहीतरी!"

कुणी बोललं नाही. बावीस जण घामाने डबडबून तसेच उभे होते. नर्सने गळ्यावर हात ठेवला, गाण्याच्या कागदाच्या मागे काहीतरी लिहिलं आणि तो बाईंपुढे धरला.

'आवाज नाही. पहिल्या ओळीपासून नाही. मी फक्त तोंड हलवलं.'

शिंप्यांनी तिच्या हातातलं पेन घेतलं आणि खाली लिहिलं, 'मीही.' बाईंनी एकेकाकडे पाहिलं. एकेकाने मान हलवली.

तेवढ्यात ड्रायव्हरभाऊंचा फोन वाजला. घरून होता. कॉलेजच्या मागच्याच गल्लीत त्यांचं घर. बाळ तान्हं म्हणून बायको आली नव्हती. त्यांनी फोन कानाला लावला, ओठ हलवले, आणि रडवेलं तोंड करून तो बाईंच्या हातात दिला. बाईंनी "हॅलो" म्हटलं.

"बाई, तुम्ही होय? कसा झाला कार्यक्रम? ...थांबा हं, हे आलेच बघा. बाहेरून हाक मारतायत. फोन तुमच्याकडेच विसरले वाटतं."

फोनमधून, दाराच्या पलीकडून, तो भरदार आवाज बाईंना स्वच्छ ऐकू आला. प्रेमाने बायकोला हाक मारत होता. ड्रायव्हरभाऊंनीही तो ऐकला आणि खुर्च्या पाडत ते सभागृहाच्या दाराकडे धावले.

"अगं, ऐक माझं," बाई ओरडल्या, "दार उघडू नकोस! ते इथे आहेत, दार उघडू..."

कडी निघाल्याचा आवाज आला.

"अय्या, बाहेर तर कुणीच नाही..." मग ती जरा थांबली, आणि तिचा आवाज फोनपासून लांब, घराच्या आतल्या बाजूला वळला. "अहो... तुम्ही बाळापाशी कधी गेलात?"