तुटणारा रेडिओ

"मला तुटणारा रेडिओ द्या," अच्युतराव गाडेकर म्हणाले. "रेंज गेली की गप्प बसणारा."

इक्बाल मुजावर दुकानाचं शटर नुकतंच वर करून झाडू मारत होता. कोल्हापुरात इतकी वर्षं दुकान चालवून असं गिऱ्हाईक त्याने पाहिलं नव्हतं. फळीवर बिनतारी इंटरनेट रेडिओंची रांग होती आणि त्यातला एकही तुटणारा नव्हता. गेल्या वर्षी त्यानेच अच्युतरावांना 'अखंड' नावाचा संच निवडून दिला होता. त्यात ध्वनिपूरणाची सोय होती. म्हणजे इंटरनेट गेलं की संच आतापर्यंत ऐकलेल्या कार्यक्रमांवरून पुढचं बोलणं स्वतःच रचायचा आणि त्याच माणसाच्या आवाजात ऐकवायचा. खरखर गाळायचा, खंड भरून काढायचा. लोकांना हेच हवं होतं. अच्युतरावांनाही हवं होतं, कारण आवाज तुटला की त्यांची पत्नी हेमा घाबरीघुबरी व्हायची.

आवाज त्यांच्या मुलीचा होता. रेवती करंजघाटच्या छोट्या रेडिओ केंद्रावर सकाळी सातचा कार्यक्रम करायची. केंद्र म्हणजे डोंगरउतारावरची एक खोली, छतावर सौरपट्टी आणि उपग्रहाची तबकडी. सात वाजून दहा मिनिटांनी ती श्रोत्यांना औषधांची आठवण करायची आणि त्यात आईची गोळी हमखास यायची.

"काका, झालंय काय?" मुजावरने खुर्ची पुढे केली.

अच्युतराव बसले नाहीत. "सोमवारी करंजघाटला दरड कोसळली. बेपत्ता माणसांच्या यादीत रेवतीचं नाव होतं. मंगळवारी सकाळी रेडिओ लावला, तर ती बोलत होती. मी रडलो, मुजावर. आणि आपत्ती नियंत्रण कक्षाला फोन करून सांगितलं, माझी मुलगी सुखरूप आहे, आत्ता ऐकली. त्यांनी नाव काढलं. शोधपथकातली माणसं खालच्या वाडीकडे वळवली."

"मग?"

"आज ती म्हणाली, आई, गुलाबी गोळी घे. ती गोळी डॉक्टरांनी बंद करून आठ दिवस झाले. मीच तिला फोनवर सांगितलं होतं. गेल्या गुरुवारपासून तिने गुलाबी गोळीचं नाव घेतलेलं नाही."

मुजावरचा झाडू हातातच राहिला. "पिवळा दिवा बघितला न्हाई व्हय तुम्ही? पूरण चालू असलं की लागतोय त्यो."

"हेमाला तो बघवत नव्हता. मी त्यावर चिकटपट्टी लावली होती." अच्युतरावांनी खिशातली चुरगळलेली पट्टी काउंटरवर ठेवली. "आज काढली. पिवळा आहे. कक्षातले म्हणतात, घाटातल्या केंद्राला तो रोजच लागतो. थोडं खरं, थोडं भरलेलं. किती खरं, ते कुणालाच सांगता येत नाही. तीन दिवस झाले रे. माझ्या हाताने मी तिचं नाव खोडलं."

मुजावर मागच्या खोलीत गेला. तिथे बदली करून घेतलेल्या जुन्या संचांचा ढीग होता. धूळ झटकत त्याने एक राखाडी डबा आणला. मूठ तुटलेली, त्यावर दोरा गुंडाळलेला. तो दोरा अच्युतरावांनीच गुंडाळला होता. त्यांचाच जुना इंटरनेट रेडिओ, ध्वनिपूरण नसलेला.

दुकानाच्या वायफायला जोडायला चार मिनिटं गेली. शेजारच्या 'अखंड'वर मुजावरने तेच केंद्र लावलं. रेवती हसत हसत पावसाळी भाज्यांबद्दल बोलत होती. राखाडी डबा मात्र गप्प होता.

"म्हणजे काहीच येत नाही," अच्युतराव पुटपुटले.

"थांबा. हिरवा दिवा बघा."

हिरवा दिवा म्हणजे केंद्र जोडलेलं होतं. घाटात बहुतेक ऊन पडलं असावं, सौरपट्टीवर पुन्हा वीज तयार झाली असावी. माइक चालू होता. आतून सूं सूं असा आवाज येत होता, कुठेतरी पाणी ठिबकत होतं. आणि मग दोनदा वाजलं. टक, टक.

अच्युतरावांनी काउंटर घट्ट धरला. कार्यक्रम सुरू करण्याआधी रेवती नखाने माइकवर दोनदा टिचकी मारायची, लहानपणापासूनची खोड. नवा संच घेतल्यापासून ती टकटक ऐकू येत नाही, अशी हेमाची तक्रार होती. येणार कशी? 'अखंड'च्या लेखी तो कचरा होता. आत्ताही त्याने ती टकटक गाळली, तिला खंड मानलं आणि वरून भाज्यांची माहिती पसरली.

त्यांनी कक्षाला फोन लावला, मोबाइल राखाडी डब्याला टेकवला. "ऐका! ती आहे! वरच्या खोलीत आहे!"

"काका, काहीच ऐकू येत नाही हो. फोनवर मागचे आवाज आपोआप गाळले जातात. दुसरं काही आहे का तुमच्याकडे? वरचा रस्ता खचलाय, नुसत्या अंदाजावर पथक पाठवायचा हुकूम मी कसा देऊ?"

"चला," मुजावर म्हणाला. "त्यांच्या कानालाच लावू." त्याने डब्यात बॅटरी घातली, स्वतःच्या मोबाइलवरून इंटरनेट दिलं आणि मोटारसायकल काढली.

मागे बसून अच्युतरावांनी डबा कानाशी दाबून धरला. रंकाळ्याजवळ पुन्हा टकटक आली. पुढची कधी येते ते बघायला त्यांनी मनात आकडे मोजायला सुरुवात केली. साठ झाले. नव्वद झाले. तेवढ्यात हेमाचा फोन आला.

"अहो, सकाळी सकाळी कुठे गेलात? रेवती आत्ताच म्हणाली, उद्या सातला पुन्हा भेटू. किती छान बोलली आज!"

घरातला तो आवाज चालू ठेवायला सांगू की बंद करायला? "येतो," एवढंच ते म्हणाले.

दोनशे झाले. हिरवा दिवा विझला, पुन्हा लागला, पुन्हा विझला. हा रेडिओ खोटं बोलत नव्हता, पण गप्प का झाला हेही सांगत नव्हता.

"मुजावर," ते ओरडले, "तुझ्या फोनची रेंज गेलीय का रे? गेलीय ना?"